शेंदराखालचं नाव

शाल आणि नारळ एकत्र दिसले की माझं डोकं फिरतं. सत्कार मास्तरांचा असो, सरपंचाचा असो, नाहीतर रिटायर होऊन आलेल्या फौजीचा असो. टाळ्या सुरू झाल्या की मी उठून आत जाते. नातवंडं म्हणतात, दादीला कुणाचं चांगलं बघवत नाही. म्हणू देत. मी एक सत्कार फार जवळून बघितला आहे, आणि त्यानंतर दुसरा बघायची हौस मला राहिली नाही.

भूमच्या अलीकडचं आमचं गाव. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही नालबंद. बैलाला दोरानं आडवं पाडायचं आणि त्याच्या खुरांना पत्र्या ठोकायच्या, हा आमचा पिढ्यांचा धंदा. बाजाराच्या दिवशी अब्बा भूमला जाऊन हेच करत. घरात आम्ही दखनी बोलायचो, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की गावाची मराठी. घरात माणसं मोजकी: अब्बा, अम्मी, मी आणि बडीअम्मा. बडीअम्मा म्हणजे अब्बांच्या थोरल्या भावाची बायको. त्या थोरल्या भावाला, माझ्या बडे अब्बांना, मी कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माच्या पुष्कळ आधी, जर्मनच्या पहिल्या लढाईत, ते निजामाच्या रिसाल्याबरोबर मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, गेले. घोडे जिथं जातात तिथं नालबंद लागतोच. तिथल्याच वाळूत ते राहिले. त्यांची कबर कुठं आहे, मुळात आहे की नाही, हे सांगायला कुणी आलं नाही.

परत आले ते नाना. नाना आमच्या शेजारचे शेतकरी, बडे अब्बांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघं बरोबरच भरती झाले होते. गुडघ्यात गोळी घेऊन नाना घरी आले आणि तो पाय पुढं कधी वाकला नाही. पंगतीतसुद्धा ते पाय लांब करून बसत आणि कुणी काही बोलत नसे.

आता दगडाचं सांगते. आमच्या भागात लढाईत पडलेल्या माणसाचा दगड वेशीत उभा करायची चाल फार जुनी. दगडावर खाली पडलेला गडी, वर त्याला घेऊन जाणाऱ्या बाया, सगळ्यांत वर महादेवाची पिंड. लोक त्यांना नुसतं ‘वीर’ म्हणतात. कोण कुणाचा, कुठल्या लढाईतला, काही ठाऊक नाही. येताजाता हात जोडायचे आणि सणावाराला तेल-शेंदूर लावायचा. जर्मनची लढाई संपल्यावर सरकारनं तिथं, त्याच ओळीत, आणखी एक दगड आणून उभा केला. काळा, गुळगुळीत, त्यावर आसपासच्या मेलेल्या शिपायांची नावं उर्दूत खोल कोरलेली. सगळ्यांत वर बडे अब्बांचं नाव. पहिल्याच दसऱ्याला गावानं त्याला तेल आणि शेंदूर लावला. यात कुणाची लबाडी नव्हती. लढाईत मेलेल्याच्या दगडाचं आणखी काय करतात, हे गावाला माहीतच नव्हतं.

शेंदूर चढत गेला. अक्षरं आधी भरली, मग बुजली. मग दगडाला ओटा बांधला गेला, गुरव रोज पाणी घालू लागला, लोक नवस बोलू लागले. बडीअम्मा त्या वर्षांत येरमाळ्याकडं माहेरी होती. विधवा पोरगी म्हणून बापानं नेलेली. बाप गेल्यावर ती आमच्याकडं परत आली तेव्हा दगड आपादमस्तक लाल झाला होता. आपल्या नवऱ्याचं नाव तिनं कधी पाहिलंच नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचं म्हणणं एवढंच होतं, की एकदा त्या नावावर हात ठेवू द्या. माणसाला माती देता आली नाही, निदान नावाला हात लागावा. पण देवाला खरवडणार कोण? तिला कुणी हाकलत नसे. गुरव फक्त गोड आवाजात म्हणायचा, “लांबूनच, भाभी.”

याची भरपाई म्हणा, नाहीतर काही म्हणा, नानांनी एक पायंडा पाडला होता. दसऱ्याला सीमोल्लंघनाहून परतताना आपट्याचं सोनं आधी दगडाला वाहायचं, आणि तो मान नानांचा, कारण त्या लढाईतून जिवंत आलेले ते एकटेच. तिथून नाना पाटलाकडं जात नसत. वाकत नसलेला पाय ओढत, वाजंत्री मागं घेऊन, भर बाजारातून ते आमच्या दारात येत. “भाभी, पैलं सोनं तुमचं,” असं म्हणून पान पुढं करत. बडीअम्मा दुपारपासून धुतलेलं लुगडं नेसून दाराआड बसलेली असायची. पदर ओढून ती पान घ्यायची आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारायची.

“नाना, नाव हाय न्हवं तितं?”

“हाय की, भाभी. कुठं जातंय?”

एवढ्यावर तिचं वर्ष निघायचं. मला लहानपणी वाटायचं, आपल्या घराइतका मान गावात कुणाला नाही. ते खरंही होतं, त्या दिवसापुरतं.

पुढं रझाकारांचे दिवस आले. त्यांनी आसपासच्या गावांत घरं जाळली, माणसं मारली, आणि ते आमच्या नावानं केलं, हे मी कधी लपवलं नाही. आमच्या गावातली कितीतरी हिंदू घरं निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला निघून गेली. गुरवही गेला. त्या वर्षी दसरा झालाच नाही. एके दिवशी त्यांची एक टोळी आमच्या वेशीत आली. कुणीतरी त्यांच्या म्होरक्याच्या कानात सांगितलं होतं, की या शेंदराखाली मुसलमान शिपायाचं नाव आहे. झालं. तो आमच्याच दारात आला आणि अब्बांना म्हणाला, छिन्नी-हातोडा आण, नाव मोकळं करतो.

तेवढ्यात बडीअम्मा बाहेर आली. परपुरुषासमोर ती अशी कधी आली नव्हती.

“मेरे मरद का नाम है वो,” ती म्हणाली. “तुमारे हातां से नक्को.”

म्होरक्यानं तिला नको ते बोलून घेतलं, उंबऱ्यावर थुंकला आणि निघून गेला. ज्या एका गोष्टीसाठी ती आयुष्यभर झुरली, ती त्या दिवशी आयती दारात आली होती. तिनं ती परत पाठवली. गावात तेव्हा जी माणसं उरली होती त्यांनी हे बघितलं, ऐकलं. पुढं त्यांतल्या एकालाही ते आठवलं नाही. याचाच तर मला राग आहे. माणसं वाईट आठवणी सात पिढ्या राखतात आणि चांगली गोष्ट चार दिवसांत विसरतात.

मग पुढच्या भादव्यात दिल्ली सरकारची फौज आली आणि निजामी संपली. लोक त्याला पोलीस ॲक्शन म्हणतात. ज्यांनी पाप केलं होतं ते पळून गेले आणि सूड उगवायला आम्ही सापडलो. दुसऱ्या गावांतून जमाव आले. आमचा भाता, ऐरण मांडलेलं छप्पर, सगळं जाळलं. आम्ही वाचलो ते नानांमुळं. त्यांनी आम्हाला आपल्या घरात कणग्यांमागं बसवलं आणि स्वतः पाय लांब करून दारात बसून राहिले. जमावातल्या पोरांना म्हणाले, “म्या म्हातारा हाय, मला उठता येत न्हाय. आत जायचं तर मला तुडवून जावा.” कुणी तुडवलं नाही. नानांचे हे उपकार मी नाकारत नाही. ते नाकारता येत नाहीत म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

दसऱ्याच्या तोंडावर गेलेली माणसं परतली. गुरवही आला. दगडाला वर्षभर तेल नव्हतं, शेंदूर नव्हता. वाळून जुन्या शेंदराला भेगा पडल्या होत्या, त्यात भादव्याचा पाऊस मुरला. गुरव सकाळी बघतो तर इतक्या वर्षांचा थर सुटून ओट्यावर पडलेला. आमच्याकडं याला ‘देवानं खोळ टाकली’ म्हणतात. ती खोळ वाजतगाजत नदीत सोडायची आणि देवाला नवा शेंदूर चढवायचा, अशी रीत. सगळं गाव वेशीत जमलं. अब्बाही एका कडेला जाऊन उभे राहिले, आणि मी त्यांच्या मागं.

दगड काळा, ओला, आणि अक्षरं कालच कोरल्यासारखी. माझी नजर सरळ वरच्या ओळीवर गेली. मी उर्दू शिकले होते. आमच्या बडे अब्बांचं नाव दिवसाउजेडी उघडं होतं.

ते वाचणारा आणखी एक जण तिथं होता. गावातलाच तरणा गडी, सरकारी शाळेत उर्दू शिकलेला, बार्शीकडच्या छावणीतून नुकताच पुढारी होऊन परतलेला. डोक्यावर पांढरी टोपी. त्याच्या भावाचं घर रझाकारांनी जाळलं होतं. त्याचा राग खरा होता, फक्त पत्ता चुकला होता. त्यानं नावं मोठ्यानं वाचली. ज्या पोरांनी जन्मभर त्या दगडापुढं नाक घासलं होतं ती एकमेकांकडं बघायला लागली.

“ह्यो निजामाचा दगड हाय,” पुढारी म्हणाला. “आन् आपन ह्याला शेंदूर लावीत आलो?”

एक म्हातारा म्हणाला, “आमाला ठावं हाय, बाबा. पर आता त्यो देव झाला.”

“मग देवाला नाव कशाला पायजे?”

ठरलं असं, की लगेच नवा शेंदूर चढवायचा, जाड, अक्षरांत नीट भरून. दसऱ्याला दगडासमोर सभा घ्यायची आणि गावच्या जुन्या लढवय्याचा, म्हणजे नानांचा, सत्कार करायचा. अब्बांनी सगळं ऐकलं. मग ते पुढं झाले. माझा बाप उभ्या जन्मात गावापुढं काही मागायला उभा राहिला नव्हता.

“शेंदूर लावा,” ते म्हणाले. “पर त्याआदी माजी भावजय एकडाव यिऊन हात लावून जाईल. घटकाभराचं काम हाय.”

पुढारी म्हणाला, “ह्या दिवसांत तुमचं मानूस दगडापाशी नको. लोक भडकतील.”

लोक तिथंच उभे होते. कुणीही भडकलेलं दिसत नव्हतं. अब्बांनी नानांकडं बघितलं. मीही बघितलं. नानांनी एक शब्द टाकला असता तर तो गडी गप बसला असता, कारण उद्याची शाल त्यांच्याच खांद्यावर पडायची होती. नाना आपल्या वाकत नसलेल्या पायाकडं बघत राहिले. गुरवानं शेंदराचं भांडं उचललं.

जमावापुढं दारात बसणारा माणूस चार ओळखीच्या लोकांपुढं का कच खातो, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. परक्याच्या हातून मार खाणं सोपं असेल. आपल्यांच्या नजरेतून उतरणं त्याहून अवघड असेल. असेल काहीही, मला त्याची कारणं नकोत.

दसऱ्याच्या दिवशी मी घराच्या माळवदावर चढून सगळं बघितलं. दगड इतका लाल होता की डोळ्यांत खुपत होता. पुढाऱ्यानं भाषण केलं. देशासाठी, धर्मासाठी पडलेले वीर, असं तो दगडाकडं हात करून म्हणत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. नानांना शाल पांघरली, नारळ दिला. नानांनी आपट्याचं पान दगडाला वाहिलं. मग नानांना पुढं घालून वाजंत्री निघाली ती थेट पुढाऱ्याच्या घराकडं. आमच्या बोळाच्या तोंडाशी ती थांबलीसुद्धा नाही.

खाली बडीअम्मा धुतलेलं लुगडं नेसून दाराआड बसली होती. मी खाली आले आणि म्हणाले, ऊठ आता, कुणी येत नाही. ती उठली नाही.

दिवेलागणीच्या वेळी परसदाराची कडी वाजली. नाना होते. पुढच्या दारानं नाही, बोळातून नाही. उकिरड्याच्या बाजूनं, अंग चोरून. अंगावरची शाल काढून त्यांनी तिच्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं.

“खोळ नदीत सोडायचा मान माजा हुता, भाभी,” ते म्हणाले. “वरच्या वळीचा येक तुकडा मागं ठिवला.”

शाल उलगडली. भाकरीहून थोडा मोठा, चांगला जाड शेंदराचा तुकडा. वरून लाल, ओबडधोबड. नानांनी तो पालथा केला. आतली बाजू काळपट, गुळगुळीत होती, आणि दगडात जी अक्षरं खोल होती ती इथं वर उठून आली होती. इतकी वर्षं शेंदरानं नाव पुसलं असं आम्ही समजत होतो. त्यानं ते आतून धरून ठेवलं होतं.

बडीअम्मानं तुकडा मांडीवर घेतला. मला म्हणाली, पढ. अक्षरं उलटी उमटलेली, मला वेळ लागला. मग मी तिचं बोट धरून नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

“उलटा है,” मी म्हणाले.

“मेरेकू सुलटा कब आया पढने?” ती म्हणाली, आणि तिनं सगळा तळवा त्यावर ठेवला. रडली नाही. रडायचं काम मी करत होते.

नानांनी बंडीच्या खिशातून आपट्याचं पान काढलं आणि पुढं केलं. “पैलं सोनं, भाभी.”

तिनं हात पुढं केला नाही.

“पैलं न्हाय हे, नाना,” ती म्हणाली. “पैलं तुमी देऊन आलाव. लोकांम्होरं दिलं असतं तर घेतलं असतं.”

नानांनी पान उंबऱ्यावर ठेवलं, शाल उचलली आणि आले तसे उकिरड्याच्या बाजूनं गेले. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं का सांगू, आजही बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी अब्बा मौलवींकडं गेले. म्हणाले, नाव आहे, तेवढं कबरस्तानात ठेवू द्या, फातिहा पढा. मौलवींनी तुकडा बघून हात मागं घेतला. शेंदूर लागलेली वस्तू, बुताची, म्हणजे मूर्तीची, खोळ, ती कबरस्तानात कशी येईल? म्हणजे वेशीत ते नाव मुसलमानाचं म्हणून नको, आणि कबरस्तानात शेंदूर लागला म्हणून नको. मिसरच्या वाळूनं बडे अब्बांना ठेवून घेताना असले सवाल विचारले नव्हते. शेवटी बडीअम्मानं जळलेल्या छपराखाली, जिथं बडे अब्बांची ऐरण असायची, तिथं आपल्या हातानं खड्डा खणला. कुणाला हात लावू दिला नाही. तुकडा पुरला, माती सारखी केली, आणि जेवढं पाठ होतं तेवढं तोंडातल्या तोंडात पढली. नंतर अब्बांनी ऐरण दुसऱ्या कोपऱ्यात मांडली आणि त्या जागेवर कधी काम केलं नाही.

पौषात नाना गेले. गावानं मोठ्या मानानं त्यांना उचललं. पुढारी पुढं होता. तिरडीवर तीच सत्काराची शाल पांघरली होती. आमच्याकडं प्रेत नेताना वेशीत विसावा देतात. तिरडी घटकाभर खाली टेकवायची आणि मग पुढं जायचं. विसावा पडायचा तो बरोबर त्या लाल दगडासमोर.

मी दारात उभी होते. बडीअम्मा कोनाड्याकडं गेली आणि तिथून काहीतरी मुठीत घेऊन बाहेर पडली. अम्मी हाक मारत राहिली. ती बोळातून, बाजारातून, माणसांच्या मधून सरळ चालत गेली. मी मागं धावले. गुरव तिथं होता, पुढारी होता, ‘लांबूनच’ म्हणायला सगळे होते, पण त्यांनीच सरकून तिला वाट दिली. दगड तिच्या हाताच्या अंतरावर होता. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

ती तिरडीजवळ बसली आणि तिनं मूठ उघडली. नाना उंबऱ्यावर ठेवून गेले होते तेच पान, वाळून चुरमडलेलं. ते तिनं शालीवर, त्यांच्या छातीवर ठेवलं.

“घ्या, नाना,” सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. “म्या लोकांम्होरं देतेय.”